जोसेफ पुलित्झर

न्यूयॉर्कच्या बंदरात शिरणाऱ्या प्रत्येक जहाजाचे स्वागत एक भव्य मूर्ती करीत असते. हातात उंच धरलेली मशाल, मस्तकावर किरणांचा मुकुट आणि अंगावर पायघोळ वस्त्र अशी ही स्वातंत्र्यदेवता जगभर प्रसिद्ध आहे. फ्रान्सच्या जनतेने ती अमेरिकेच्या जनतेला भेट म्हणून दिली, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ही मूर्ती ज्या चौथऱ्यावर उभी आहे, त्या चौथऱ्याचे अडलेले काम कोणाच्या पैशाने पुरे झाले, हे फार थोड्यांना माहीत असते. ते कोणा राजाने पुरे केले नाही, की कोणा कोट्यधीशानेही केले नाही. मजूर, कारकून, कष्टकरी स्त्रिया आणि शाळकरी मुले यांनी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून दिलेल्या नाण्यांनी ते पुरे झाले. ही नाणी गोळा करणारा मनुष्य एकेकाळी स्वतःच त्या देशाच्या किनाऱ्यावर रिकाम्या खिशाने उतरला होता. त्याच्या हाती धन नव्हते, त्या देशाची भाषा त्याला येत नव्हती, आणि त्याची दृष्टीही मुळातच अधू होती. या मनुष्याचे नाव जोसेफ पुलित्झर.

जोसेफचा जन्म हंगेरी देशातील माको या गावी १० एप्रिल १८४७ रोजी एका ज्यू कुटुंबात झाला. वडील धान्याचे व्यापारी होते. व्यवसायात बरकत आल्यावर त्यांनी आपले बिऱ्हाड पेस्त शहरात हलविले. तेथे मुलांना शिकविण्यासाठी घरी शिक्षक येत. जोसेफ जर्मन आणि फ्रेंच या भाषा शिकला. परंतु हे सुखाचे दिवस फार काळ टिकले नाहीत. १८५८ साली वडिलांचा मृत्यू झाला. व्यवसाय बुडाला. एकामागून एक भावंडे काळाने ओढून नेली. अवघ्या अकरा वर्षांच्या मुलाने घरातील भरभराट आणि घरातील दैन्य ही दोन्ही इतक्या जवळून पाहिली, की पुढे आयुष्यभर त्याला पैशाचे मोलही कळले आणि पैसा किती चंचल असतो हेही कळले.

सतराव्या वर्षी जोसेफने घर सोडले. सैन्यात शिरून नशीब काढावे, असा त्याचा बेत होता. पण उंच, किडकिडीत अंगाच्या आणि मंद नजरेच्या या तरुणाला ऑस्ट्रियाच्या सैन्याने घेतले नाही. आणखी दोन देशांच्या सैन्यांची दारे त्याने ठोठावली. तीही उघडली नाहीत. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. गुलामगिरी राहावी की जावी, या प्रश्नावरून उत्तर आणि दक्षिण अशी त्या देशाची दोन शकले होऊ पाहत होती. उत्तरेच्या सैन्याला माणसांची इतकी निकड होती, की युरोपातील बंदरांतूनही भरती चाले. हँबुर्ग येथे जोसेफची अशी भरती झाली आणि १८६४ साली तो बॉस्टनच्या बंदरात येऊन पोहोचला. भरतीची रक्कम दलालाच्या हाती पडू नये म्हणून त्याने रात्री जहाजावरून पाण्यात उडी घेतली आणि पोहत किनारा गाठला, अशी कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, तिच्यात त्या मुलाचा स्वभाव मात्र अचूक उतरला आहे.

घोडदळात त्याने काही महिने काढले. १८६५ साली युद्ध संपले आणि सैन्यातून मोकळे झालेले हजारो शिपाई एकाच वेळी काम शोधीत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फिरू लागले. अठरा वर्षांच्या जोसेफला इंग्रजी येत नव्हते. त्याला काम कोण देणार? शेवटी, जेथे जर्मन बोलणारे लोक पुष्कळ आहेत अशा सेंट लुई या शहराकडे तो निघाला. मिसिसिपी नदीच्या काठी पोहोचला तेव्हा पलीकडे जाण्यासाठी नावेचे भाडेही त्याच्यापाशी नव्हते. त्याने नावेवरील भट्टीत कोळसा घालण्याचे काम पत्करले आणि भाडे अंगमेहनतीने फेडून पैलतीर गाठला, असे त्याचे चरित्रकार सांगतात.

सेंट लुई येथे त्याने कोणते काम केले नाही! त्याने खेचरे राखली, ओझी वाहिली, भोजनगृहात वाढप्याचे काम केले. १८६६ साली शहरात पटकीची साथ आली, तेव्हा मेलेल्यांना पुरण्याचे कामही त्याने केले. मात्र दिवसभराच्या श्रमांनंतर त्याची पावले एकाच ठिकाणी वळत. ते ठिकाण म्हणजे शहरातील मर्कंटाइल ग्रंथालय. तेथे बसून तो इंग्रजी शिके, कायद्याची पुस्तके वाची आणि कधी बुद्धिबळाचा डाव मांडी. ज्याला शाळा-महाविद्यालयाची पायरी चढता आली नाही, त्याने त्या ग्रंथालयालाच आपले विद्यापीठ मानले.

याच काळात त्याला एक कडू अनुभव आला. लुइझियाना प्रांतातील उसाच्या मळ्यांवर चांगल्या पगाराचे काम देतो, असे सांगून एका भामट्याने सुमारे चाळीस गरजू माणसांकडून प्रत्येकी पाच डॉलर घेतले. त्या माणसांत जोसेफही होता. आगबोटीने त्यांना शहरापासून कित्येक मैलांवर उतरविले आणि ती निघून गेली. ना मळा होता, ना काम. फसलेली ती माणसे पायी चालत शहरात परतली. जोसेफने ही हकीगत लिहून काढली आणि ती तेथील एका जर्मन वृत्तपत्रात छापून आली. आपल्यावरील अन्याय शब्दांत मांडला तर तो हजारो लोकांपर्यंत पोहोचतो, आणि लबाडाला लपावयास जागा राहत नाही, हे त्या तरुणाला प्रथमच उमगले. त्याच्या पुढील साऱ्या आयुष्याचे बीज या घटनेत आहे.

ग्रंथालयातील बुद्धिबळाच्या पटाने त्याला आणखी एक देणगी दिली. तेथे त्याची ओळख ‘वेस्टलिशे पोस्ट’ या जर्मन वृत्तपत्राच्या चालकांशी झाली. त्यांनी या हुशार तरुणाला १८६८ साली बातमीदार म्हणून नेमले. जोसेफने या कामात स्वतःला झोकून दिले. त्याचे तोडकेमोडके इंग्रजी ऐकून इतर बातमीदार त्याची थट्टा करीत. पण लवकरच जेथे बातमी तेथे हा सर्वांच्या आधी हजर असतो, असे त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्याच वर्षी, अवघ्या बाविसाव्या वर्षी, तो मिसूरी राज्याच्या विधिमंडळावर निवडून आला. वस्तुतः या पदासाठी लागणारे वयही त्याने गाठले नव्हते.

मात्र या उत्साहाला तापट स्वभावाची जोड होती. ठेकेदारीच्या व्यवहारावरून एका गृहस्थाशी त्याचा वाद झाला आणि संतापाच्या भरात जोसेफने त्याच्यावर पिस्तूल झाडले. सुदैवाने त्या गृहस्थाच्या पायाला जखम होण्यावरच ते निभावले आणि जोसेफला दंड भरावा लागला. थोर माणसांच्या चरित्रांतही असे डाग असतात. ते झाकून ठेवण्यापेक्षा, त्यातून तो मनुष्य काय शिकला, हे पाहणे अधिक हिताचे असते. शत्रूवर झाडावयाचे शस्त्र पिस्तूल नव्हे, लेखणी आहे, हा धडा पुलित्झर पुढे शिकला. परंतु त्याच्या स्वभावातील उतावीळपणा अखेरपर्यंत पुरता गेला नाही.

१८७८ हे वर्ष त्याच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. या वर्षी केट डेव्हिस या तरुणीशी त्याचा विवाह झाला आणि याच वर्षाच्या अखेरीस ‘डिस्पॅच’ नावाचे एक दिवाळखोर वृत्तपत्र त्याने लिलावात अडीच हजार डॉलरांना विकत घेतले. लगेच दुसऱ्या एका पत्रात ते विलीन होऊन ‘पोस्ट-डिस्पॅच’ जन्माला आले, आणि थोड्याच अवधीत पुलित्झर त्याचा एकमेव मालक झाला. या पत्राने शहरातील बड्या धेंडांची झोप उडविली. कर चुकविणारे श्रीमंत, जुगाराचे अड्डे चालविणारे आणि सार्वजनिक सेवेच्या नावाखाली लूट करणाऱ्या कंपन्या यांची नावे अंकात झळकू लागली. श्रीमंतांनी पुलित्झरशी बोलणे टाकले. सामान्य माणसांनी त्याचे पत्र विकत घेतले.

१८८३ साली पुलित्झर न्यूयॉर्कला आला. जे गुल्ड या कोट्यधीशाच्या मालकीचे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ हे पत्र तेव्हा तोट्यात चालले होते. पुलित्झरने ते तीन लाख सेहेचाळीस हजार डॉलरांना घेतले. पत्राचा खप तेव्हा पंधरा हजारांच्या आसपास होता. जाणत्या लोकांना हा सौदा वेडेपणाचा वाटला. पण पुलित्झरने न्यूयॉर्क शहराकडे वेगळ्या नजरेने पाहिले होते. युरोपातून दररोज हजारो निर्वासित आणि गरीब कुटुंबे तेथे येऊन उतरत होती. कोंदट चाळींत ती राहत, कारखान्यांत राबत आणि त्यांची दाद कोणी घेत नसे. मोठी वृत्तपत्रे सुशिक्षितांसाठी, जड भाषेत लिहिलेली असत. पुलित्झरने ठरविले की, आपले पत्र या माणसांसाठी निघावे. छोटी वाक्ये, सोपे शब्द, ठळक मथळे आणि भरपूर चित्रे यांनी त्याने अंक सजविला. ज्यांना इंग्रजी नुकतेच येऊ लागले होते, असे लोक ‘वर्ल्ड’ वाचून ती भाषा शिकू लागले. स्वतः पुलित्झर याच मार्गाने गेला होता. म्हणून त्यांची अडचण त्याला सांगावी लागली नाही. काही वर्षांतच ‘वर्ल्ड’चा खप अमेरिकेतील सर्व वृत्तपत्रांहून अधिक झाला.

स्वातंत्र्यदेवतेच्या चौथऱ्याची हकीगत याच काळातील आहे. मूर्ती तयार होती. परंतु चौथरा बांधण्याचा भार अमेरिकेवर होता आणि तेथील समितीचा पैसा संपला होता. सरकार मदत देईना. धनिकांनी हात आखडता घेतला. तेव्हा मार्च १८८५ मध्ये पुलित्झरने आपल्या पत्रातून सामान्य लोकांना हाक दिली आणि एक अभिनव घोषणा केली. देणगी कितीही लहान असो, प्रत्येक देणाऱ्याचे नाव ‘वर्ल्ड’मध्ये छापले जाईल, असे त्याने जाहीर केले. मग काय, पैशांचा ओघच सुरू झाला. कोणी खाऊचे पैसे पाठविले, कोणी दिवसाची मजुरी. बहुतेकांची देणगी एका डॉलरपेक्षाही कमी होती. पाच महिन्यांत लाखाहून अधिक दात्यांनी एक लाखाहून अधिक डॉलर जमविले. २८ ऑक्टोबर १८८६ रोजी त्या चौथऱ्यावरील मूर्तीचे अनावरण झाले. कोट्यधीशांच्या देशात गरिबांनी स्वातंत्र्याला आसन दिले, आणि ते एका वृत्तपत्रामुळे घडले.

अन्यायाचा शोध घेण्यासाठी ‘वर्ल्ड’चे वार्ताहर वाटेल तो धोका पत्करीत. नेली ब्लाय या टोपणनावाने लिहिणारी एक तरुणी १८८७ साली वेडाचे सोंग घेऊन वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाली. दहा दिवस तेथे राहून तिने रुग्ण स्त्रियांचे हाल स्वतः सोसले आणि बाहेर आल्यावर ते जगासमोर मांडले. थंडगार पाण्याची आंघोळ, नासके अन्न आणि परिचारिकांची मारहाण यांची ती वर्णने वाचून सारे शहर हळहळले; चौकशी झाली आणि इस्पितळांसाठी अधिक पैसा मंजूर झाला. ज्यांना स्वतःचे दुःख सांगता येत नाही त्यांचे दुःख सांगणे हे वृत्तपत्राचे पहिले काम आहे, हा पुलित्झरचा विचार अशा लेखनातून सिद्धीस जात होता.

परंतु कीर्तीचे शिखर चढत असतानाच त्याच्यावर मोठा आघात झाला. १८८७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात एके दिवशी, आपल्याच पत्राच्या संपादकीय पानाची छपाईपूर्व प्रत त्याने हाती घेतली, आणि त्याला त्यातील अक्षरे दिसेनात. डॉक्टरांनी त्याला अंधाऱ्या खोलीत विश्रांती घ्यावयास सांगितले. देशोदेशींचे वैद्य झाले. पण दृष्टी परत आली नाही. शिवाय आवाज सहन होऊ नये असा एक विकार त्याला जडला. कागदाची सळसळ किंवा चमच्याचा किणकिणाट झाला तरी त्याच्या मस्तकात वेदना उठत. ज्याचे सारे आयुष्य छापलेल्या अक्षरांत आणि छापखान्याच्या खडखडाटात गेले, त्याला नेमकी अक्षरे दिसेनात आणि खडखडाट सोसवेना. दैवाचा याहून क्रूर खेळ कोणता असेल?

१८९० साली ‘वर्ल्ड’ची नवी इमारत पुरी झाली. ती त्या वेळी न्यूयॉर्कमधील सर्वांत उंच इमारत होती आणि तिच्यावर सोनेरी घुमट होता. युद्ध संपल्यानंतर फाटक्या वेशातील जोसेफला ज्या पांथशाळेतून हाकलून दिले होते, तिच्याच जागेवर ही इमारत उभी राहिली, अशी आख्यायिका आहे. पण त्या घुमटातून दिसणारे शहर पाहण्याचे भाग्य मालकाच्या नशिबी नव्हते. त्याच वर्षी, त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याने संपादकाच्या खुर्चीचा निरोप घेतला. मात्र त्याने काम सोडले नाही. कधी जहाजावरून, कधी समुद्रकाठच्या घराच्या शांत खोलीतून तो रोज आपल्या कार्यालयाला तारा आणि पत्रे पाठवी. त्याचे चिटणीस पाळीपाळीने त्याला वृत्तपत्रे, नाटके, इतिहास आणि कादंबऱ्या वाचून दाखवीत. एखादी बातमी अपुरी असली, एखादे नाव चुकले, तर या अंध मालकाच्या ते ताबडतोब ध्यानात येई आणि संबंधित माणसाची धडगत नसे.

आता त्याच्या चरित्रातील सर्वांत वादग्रस्त पर्व सुरू होते. १८९५ साली विल्यम रँडॉल्फ हर्स्ट या धनाढ्य तरुणाने न्यूयॉर्कमधील ‘जर्नल’ हे पत्र विकत घेतले. पुलित्झरचीच रीत त्याने उचलली, पुलित्झरचीच माणसे दुप्पट पगार देऊन फोडली, आणि अंकाची किंमत एक सेंट ठेवली. मग पुलित्झरलाही किंमत उतरवावी लागली. दोन्ही पत्रांत खपासाठी चुरस लागली. ज्याचा मथळा अधिक भडक, त्याचा अंक अधिक खपे. दोन्ही पत्रांत पिवळा झगा घातलेल्या एका मुलाची व्यंगचित्रे येत; त्यावरून अशा भडक लेखनाला पीत पत्रकारिता हे नाव पडले, आणि ते आजही रूढ आहे.

वास्तविक १८९५ साली इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात व्हेनेझुएलाच्या सीमेवरून युद्धाची भाषा सुरू झाली, तेव्हा याच पुलित्झरने शांततेचा पक्ष घेतला होता. इंग्लंडमधील मान्यवरांना तारा करून त्याने सलोख्याचे संदेश मागविले आणि ते छापले. पण तीनच वर्षांनी चित्र पालटले. क्यूबा बेटावर स्पेनची सत्ता होती व तेथील लोक तिच्याविरुद्ध लढत होते. फेब्रुवारी १८९८ मध्ये हव्हानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. स्फोटाचे कारण कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. तरी ‘जर्नल’ने स्पेनला दोषी ठरविले आणि मागे पडू नये म्हणून ‘वर्ल्ड’नेही त्याच सुरात सूर मिसळला. अफवांना बातमीचे रूप मिळाले. लोकांची मने पेटली आणि एप्रिलमध्ये युद्ध जुंपले. केवळ वृत्तपत्रांमुळे ते झाले, असे इतिहासकार मानीत नाहीत. परंतु आगीत तेल ओतण्याचे काम वृत्तपत्रांनी केले, यात संशय नाही. खपाचे आकडे लाखांनी वाढले. पण गरिबांच्या विश्वासावर उभ्या राहिलेल्या पत्राची पत मात्र घसरली.

त्याच सुमारास पुलित्झरच्या घरावर दुःखाचा डोंगर कोसळला होता. १८९७ सालच्या अखेरच्या दिवशी त्याची सतरा वर्षांची लाडकी कन्या ल्युसिल विषमज्वराने मरण पावली. आणि १८९९ साली त्याला आणखी एक धडा मिळाला. तोही शिकविला लहान मुलांनी. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर वृत्तपत्रे विकणारी हजारो गरीब मुले होती. ती शंभर अंक पन्नास सेंटना घेत आणि प्रत्येक अंक एका सेंटला विकीत. न विकलेले अंक त्यांच्याच अंगावर पडत. युद्धाच्या काळात शंभर अंकांची किंमत साठ सेंट झाली होती. युद्ध संपल्यावर इतर पत्रांनी ती उतरविली. ‘वर्ल्ड’ आणि ‘जर्नल’ यांनी उतरविली नाही. तेव्हा जुलै महिन्यात या मुलांनी संप पुकारला. दोन्ही बलाढ्य पत्रांचे अंक गठ्ठ्यांत पडून राहिले. अखेर दोन आठवड्यांनी तडजोड झाली. किंमत तीच राहिली. पण न खपलेले अंक पत्रांनी परत घ्यावेत, असे ठरले. जो स्वतः अनवाणी, उपाशी मुलगा म्हणून या देशात हिंडला होता, त्याच्यासमोर आता अनवाणी मुलेच न्याय मागावयास उभी राहिली होती. सत्ता आणि संपत्ती हाती आली म्हणजे माणसाला आपले जुने दिवस किती सहज विसरता येतात, याचे हे उदाहरण आहे.

पण पुलित्झरचे मोठेपण असे, की तो चुकीच्या वाटेवर थांबून राहिला नाही. युद्धानंतर त्याने ‘वर्ल्ड’ला हळूहळू त्या चुरशीतून बाहेर काढले. भडकपणा कमी झाला, बातम्यांची पारख कडक झाली आणि अग्रलेखांना वजन आले. मोठ्या विमा कंपन्यांतील गैरव्यवहार १९०५ साली ‘वर्ल्ड’ने उजेडात आणले, तेव्हा सरकारला चौकशी करणे भाग पडले. १९०८ साली तर त्याची गाठ थेट राष्ट्राध्यक्षांशी पडली. पनामा कालव्यासाठी अमेरिकेने फ्रेंच कंपनीला चार कोटी डॉलर दिले होते. तो पैसा शेवटी कोणाच्या खिशात गेला, असा प्रश्न ‘वर्ल्ड’ने विचारला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट संतापले आणि सरकारने पुलित्झरवर अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरला. साठी उलटलेल्या, आंधळ्या आणि आजारी मनुष्याला तुरुंग दिसू लागला. तरी त्याने माघार घेतली नाही आणि आपल्या संपादकांनाही घेऊ दिली नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी १९११ मध्ये न्यायालयाने एकमताने सरकारच्या विरुद्ध निकाल दिला. राज्यकर्त्याला प्रश्न विचारण्याचा वृत्तपत्राचा हक्क त्या निकालाने अधिक बळकट झाला.

आयुष्याच्या उत्तरार्धात एका विचाराने पुलित्झरला घेरले होते. वैद्याला शिक्षण लागते, वकिलाला शिक्षण लागते. मग ज्याच्या एका ओळीने एखाद्याची अब्रू जाऊ शकते किंवा राष्ट्रावर युद्ध ओढवू शकते, त्या पत्रकाराला शिक्षण नको काय? आपल्या यशापयशातून त्याने हा प्रश्न काढला होता. १९०४ साली केलेल्या मृत्युपत्रात त्याने कोलंबिया विद्यापीठासाठी पत्रकारितेचे विद्यालय आणि उत्तम लेखनासाठी पारितोषिके यांची तरतूद केली. या कार्यासाठी त्याने वीस लाख डॉलर ठेवले.

२९ ऑक्टोबर १९११ रोजी त्याची विहारनौका दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटनच्या बंदरात उभी होती. तिचे नाव ‘लिबर्टी’, म्हणजे स्वातंत्र्य. चिटणीस त्याला फ्रान्सच्या एका राजाचा इतिहास वाचून दाखवीत होता. डोळा लागू लागला तसे त्याने वाचनाचा आवाज अगदी हळू करावयास सांगितले. त्या मंद स्वरातच त्याची प्राणज्योत मालवली. त्याचे वय चौसष्ट वर्षांचे होते.

दुसऱ्याच वर्षी पत्रकारितेचे विद्यालय सुरू झाले आणि १९१७ पासून पुलित्झर पारितोषिके दिली जाऊ लागली. त्या पहिल्या वर्षी बातमीदारीचे पारितोषिक ‘वर्ल्ड’च्याच एका वार्ताहराला मिळाले. १९३७ साली भारतात जन्मलेले विज्ञानलेखक गोबिंद बिहारी लाल यांना अन्य चौघांसह हा मान लाभला. अमेरिकेतील पत्रकाराला याहून मोठा गौरव आजही दुसरा वाटत नाही.

‘वर्ल्ड’ मात्र राहिले नाही. १९३१ साली पुलित्झरच्या मुलांनी ते विकले आणि दुसऱ्या पत्रात ते विलीन झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी हॉलिवूडमध्ये ‘फाइव्ह स्टार फायनल’ नावाचा एक बोलपट निघाला. खप वाढविण्यासाठी एका वृत्तपत्राचा संपादक वीस वर्षांपूर्वीचे, विस्मरणात गेलेले एक खून-प्रकरण उकरून काढतो. त्या प्रकरणातील स्त्री आता सचोटीने संसार करीत असते. तिच्या मुलीचा विवाह ठरलेला असतो. बातमी छापली जाते, खप वाढतो, आणि त्या घरातील पति-पत्नींचा मात्र करुण अंत होतो. पश्चात्तापाने पोळलेला संपादक शेवटी नोकरी सोडून बाहेर पडतो. एडवर्ड जी. रॉबिन्सन या नटाने ही भूमिका केली होती, आणि मूळ नाटक लिहिणारा लेखक स्वतःच अशा पत्राचा संपादक राहिलेला होता. अंधाऱ्या चित्रगृहांत बसलेल्या हजारो प्रेक्षकांनी त्या दिवशी जो प्रश्न अनुभवला, तोच प्रश्न पुलित्झरने दृष्टी गेल्यावरच्या अंधारात अनेक वर्षे उराशी बाळगला होता.

छापलेला शब्द हा दुधारी असतो. त्याने गरिबांच्या नाण्यांतून स्वातंत्र्यदेवतेला आसन मिळते, वेड्यांच्या इस्पितळातील मूक वेदनेला वाचा फुटते. आणि त्यानेच अफवेचे युद्ध होते, निरपराध घर उद्ध्वस्त होते. पुलित्झरच्या हातून या दोन्ही गोष्टी घडल्या. म्हणूनच त्याचे चरित्र निर्दोष नसले तरी बोधप्रद आहे. आपली चूक ओळखून, पुढच्या पिढीने ती करू नये म्हणून ज्याने आपली संपत्ती वेचली, त्या अंध संपादकाने पत्रकारितेला नवी दृष्टी दिली. हातात वृत्तपत्र घेताना बातमी खरी कशावरून, आणि ती कोणाच्या हितासाठी लिहिली आहे, असा विचार जो वाचक करील, तो त्याचे ऋण काही अंशी तरी फेडील.